तोंडी नकाराची पोच

दिव्यांग मुलाला शाळा प्रवेश नाकारते तेव्हा 'नाही' असं कुणीच म्हणत नाही. 'जागा फुल्ल झाल्यात.' 'आमच्याकडे तशी सोय नाही हो, तुमच्याच लेकराचे हाल होतील.' 'यंदा राहू दे, जरा बोलायला लागला की आणा.' 'बाकीचे पालक तक्रार करतात, आम्ही तरी काय करणार?' हे सगळं खुर्ची देऊन, पाणी विचारून, कधीकधी चहासुद्धा पाजून सांगितलं जातं. आईबाप 'बरं' म्हणून उठतात. गेटबाहेर येतात तेव्हा हातात एक चिठोरंही नसतं. आणि शाळेच्या दप्तराला विचाराल, तर तो मुलगा कधी आलाच नव्हता.

जे कागदावर नाही ते घडलंच नाही, हे कुठल्याही ज्युनिअरला कोर्टात पहिल्या महिन्यातच कळतं. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुका कोर्टात वकिली करते. वाटपाचे दावे, बांधाची भांडणं, मोटार अपघाताचे क्लेम, असं माझं रोजचं काम. दिव्यांगांचा कायदा आम्हाला लॉ कॉलेजात एका तासालाही शिकवला नव्हता. तरी गेली काही वर्षं दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, म्हणजे कोर्टाला सुट्टी असते तेव्हा, आम्ही चार-पाच वकील गावातल्या वाचनालयाच्या माडीवर बसतो. फी नाही, वकीलपत्र नाही, काळा कोट तर अजिबात नाही.

समाजसेवेच्या उमाळ्यातून हे सुरू झालं असं सांगितलं तर बारमधले, म्हणजे आमच्या वकील संघटनेतले, लोक हसतील. आमच्यातल्या एका ज्येष्ठ वकिलांची नात ऑटिस्टिक आहे. तिच्या पहिलीच्या प्रवेशासाठी ते स्वतः शाळेत गेले होते. आयुष्यभर भल्याभल्या साक्षीदारांना उलटतपासणीत घाम फोडलेला माणूस; मुख्याध्यापकांच्या केबिनमधून दहा मिनिटांत 'बरं, बघतो' म्हणत बाहेर आला. दुसऱ्या दिवशी बाररूममध्ये डबा उघडता उघडता म्हणाले, "अरे, माझी ही गत, तर त्या रिक्षावाल्याचं काय होत असेल?" बोलणं तिथंच संपलं असतं. पण आमच्यातल्या एकीने कायद्याचं पुस्तक काढलं आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत मोठ्याने वाचून दाखवलं.

वाचल्यावर थोडी लाज वाटण्याजोगीच गोष्ट होती, कारण कायदा चांगला धडधाकट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. स्वमग्नता (ऑटिझम) आणि अध्ययन अक्षमता दोन्ही धरून. कलम १६ सांगतं की सरकारी पैशावर किंवा सरकारी मान्यतेवर चालणाऱ्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत वावरण्याजोगी करायची, आणि त्या त्या मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची. कलम १७ मध्ये मोफत पुस्तकं, साधनं, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून आहेच, आणि २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं त्यातल्या वंचित घटकात आली. म्हणजे खाजगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांवरही त्यांचा हक्क आहे. इतकं सगळं छापील असताना मूल घरी का बसतं? नकार तोंडी असतो म्हणून. तोंडी नकाराला अपील नसतं.

आता एक प्रकरण जरा जवळून सांगते. वॉकर घेऊन चालणारा, सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगा. चौथीपर्यंत वर्ग तळमजल्यावर होता, कुणाची काही तक्रार नव्हती. पाचवी ते सातवी वरच्या मजल्यावर. मार्चमध्येच आईला सांगण्यात आलं, दाखला काढून न्या, दुसरीकडे बघा. ती माडीवर आली तेव्हा दाखल्याचा अर्ज भरून, सही करूनच आली होती. फक्त तारीख टाकायची राहिली होती. "वकीलबाई, सर वाईट नाहीत हो," हे तिचं पहिलं वाक्य. "जिना हाय, त्याला ते तरी काय करत्याल?"

आमच्या ज्येष्ठांनी सवयीने मजकूर सुरू केला: 'आमचे अशील यांचे सांगणेवरून आणि त्यांनी दिलेल्या माहितीवरून आपणांस या नोटिशीने कळविण्यात येते की...' त्या बाईचा चेहरा उतरला. नोटीस म्हणजे भांडण, आणि भांडण झालं की सोमवारी पोरगं जाणार त्याच सरांच्या हाताखाली. वकिलाच्या लेटरहेडवरचा कागद शाळेत पोचला की सर उघडपणे काही करत नाहीत. पोराकडे बघणं बंद करतात. डबा सांडला तर सांडला, पडलं तर पडलं. हे आयांना आमच्यापेक्षा कितीतरी आधी कळलेलं असतं.

म्हणून लेटरहेड बाजूला ठेवलं. अर्ज आईच्या नावाने, फुलस्केपवर, तिच्याच हस्ताक्षरात. 'माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता चौथीत शिकत आहे. तो वॉकर घेऊन चालतो. पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर असल्याने त्याला जाता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १६ नुसार पाचवीची एक तुकडी तळमजल्यावर घ्यावी, ही नम्र विनंती. तसे करणे शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे.' बस. 'नम्र विनंती' आमच्या तरुण वकिलाला खटकत होती, हक्क आहे तर विनंती कशाला म्हणून. ज्येष्ठ म्हणाले, असू दे, विनंतीने कलम पातळ होत नाही. मलाही तेच वाटतं. अर्जाची सगळी ताकद शेवटच्या ओळीत असते. वरचं सगळं गोड लिहावं.

अर्ज लिहिणं सोपं. खरं काम पोच घेण्याचं. दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घेऊन परत यायचं. 'ठेवून जा, देतो सरांना,' असं क्लार्क म्हणतो. ठेवून जायचं नाही. 'शिक्का कपाटात आहे, किल्ली मॅडमकडे.' मग मॅडम येईपर्यंत बसायचं. हे बसणं आयांना एकटीने जमत नाही, कारण समोरचा माणूस दर पाच मिनिटांनी 'अजून बसलाय का?' अशा नजरेने बघतो. आमच्यातलं कुणीतरी सोबत जातं, आत्या किंवा मावशी असल्यासारखं शेजारी बसतं, काही बोलत नाही. माझ्या मते या सगळ्या कामात वकिलाने फुकट द्यायची मुख्य गोष्ट हीच, बाकावर बसण्याचा वेळ. कलमं तर मोबाइलवरही सापडतात. पोच दिलीच नाही तर पोस्टाने पाठवायचं. एके काळी त्यासाठी रजिस्टर एडी, म्हणजे घेणाऱ्याच्या सहीची पोचपावती परत आणणारं टपाल, हा ब्रह्मास्त्रासारखा शब्द होता. २०२५ मध्ये पोस्टाने रजिस्टर सेवा स्पीड पोस्टात मिसळून टाकली. काम तेच होतं, पण पूर्वी नुसत्या 'एडी'ने जी धडकी भरायची ती काही स्पीड पोस्टाने भरत नाही.

तर त्या दिवशी क्लार्कने अर्ज वाचला, शेवटच्या ओळीवर थांबला, पुन्हा वाचला आणि आत गेला. बाहेर आला तो शिक्का घेऊनच. पुढे दोन-अडीच महिने काहीच हालचाल नाही. जूनमध्ये शाळा उघडली तर पाचवी 'ब' तळमजल्यावर, आणि तिसरीचा एक वर्ग वर गेलेला. लेखी उत्तर आजतागायत आलेलं नाही. 'जिना असल्यामुळे दिव्यांग विद्यार्थ्यास प्रवेश देता येत नाही' हे वाक्य लिहून त्याखाली सही करण्यापेक्षा बाकं हलवणं शाळेला सोपं गेलं. तोंडाने जे सहज म्हणता येतं ते सही करून म्हणता येत नाही. आमचं निम्मं काम एवढ्याच भांडवलावर चालतं.

शाळेला कागदाचं वावडं आहे असं मात्र कुणी समजू नये. घ्यायचा असेल तेव्हा ती बरोबर घेते. हमीपत्र नावाचा एक प्रकार आहे: 'माझ्या पाल्यास शाळेत इजा झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. वर्गास त्रास झाल्यास पाल्यास घरी नेण्यास माझी हरकत नाही.' खाली आईची सही, तीही प्रवेशाच्या दिवशी, आनंदाच्या भरात. एका आईचा हमीपत्राचा कागद मी पाहिला, त्यात शंभर रुपयांचा स्टॅम्पही लावायला सांगितला होता. शाळेने द्यायच्या गोष्टी तोंडी, पालकांनी द्यायच्या स्टॅम्पपेपरवर. अशा हमीपत्राने कायद्याने दिलेला हक्क जात नाही, हे आम्ही सांगतो. पण सही केलेली बाई मनातून बांधली गेलेली असते, आणि ती गाठ आम्हाला सोडवता येत नाही. मोठ्या शहरांत याच्या पुढची पायरी आहे. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसून त्याला मदत करणारी बाई, तुम्हीच आणा, पगार तुम्हीच द्या. ज्यांना परवडत नाही त्यांची आईच शॅडो होते आणि नोकरी सोडून वर्गाबाहेरच्या पायरीवर बसते.

घरी शिकवण्याची सोय हेही असंच. शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र किंवा एकापेक्षा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला. निवड मुलाची. आम्ही पाहिलेल्या बऱ्याच प्रकरणांत ती शाळेने करून टाकलेली होती, आणि पालकांना वाटत होतं की सरकारचा तसा नियमच आहे.

शिक्षकांबद्दल लिहिलं नाही तर मी अर्धवट लिहिलं असं होईल. पन्नास मुलांचा वर्ग, त्यात निवडणुकीची कामं, पोषण आहाराच्या नोंदी, रोजची ऑनलाइन माहिती. विशेष शिक्षक म्हणाल तर गट साधन केंद्रावरून फिरतीवर येणारा, कित्येक वर्षं कंत्राटावर राबलेला. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात प्रमाणही ठरवून दिलं आहे: प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. आकडा वाचून आमच्या तालुक्यातले गुरुजी नुसते हसतात. एकदा एका शाळेत आम्ही अर्ज घेऊन गेलो. वर्गशिक्षिका आधी फणकारल्या, मग आम्हाला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाल्या, "ताई, असाच एक अर्ज विशेष शिक्षकासाठी पण द्यायला लावा ना त्यांना. मी मागून मागून थकले. पालकांनी मागितलं तर साहेबांना फाइल वर पाठवावी तरी लागेल." तेव्हापासून आमच्या अर्जांत शाळेने काय करावं याच्या खाली एक ओळ असते, शाळेला वरून काय मिळावं याची. त्या ओळीमुळे पोच लवकर मिळते हाही अनुभव आहे.

टक्क्यांचा घोळ तर विचारू नका. सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाचं प्रमाणपत्र, त्यावर अपंगत्वाचे टक्के, आणि ४० च्या खाली असेल तर 'तुम्ही बसत नाही' असं उत्तर. मोफत शिक्षण, मोफत साधनं अशा काही हक्कांना ४० टक्क्यांची अट खरंच आहे. पण कलम १६ मधल्या प्रवेशाला आणि सोयींना ती नाही. ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने यूपीएससीच्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात हे स्वच्छ सांगितलं. हाताला पेटके येऊन लिहिता येत नसे, प्रमाणपत्रात टक्के बसत नव्हते, म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालय म्हणालं, वाजवी सोय मिळायला ४० टक्के असावेच लागतात असं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात, डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्याची अक्षमता, असलेल्या विद्यार्थिनीला नीट परीक्षेत जादा वेळ दिला नाही ही चूक ठरली. पण परीक्षा पुन्हा काही झाली नाही. निकाल वाचून आनंद होतो आणि मग शेवटचं पान येतं.

प्रमाणपत्रच नको म्हणणारे बापही येतात. नववीतली मुलगी, अक्षरं उलटसुलट होतात, तोंडी विचारलं तर सगळं येतं. आईला प्रमाणपत्र हवं, म्हणजे दहावीला जादा वेळ आणि सवलती मिळतील. बापाचं म्हणणं, "मॅडम, एकदा तसा कागद झाला की उद्या स्थळं कशी यायची?" यावर आमच्याकडे कलम नाही. आम्ही त्याला चहा दिला.

हा तोंडी नकाराचा खेळ आपल्याकडेच चालतो असंही नाही. न्यू जर्सीत बरीच वर्षं राहून पुण्याला परतलेलं आमच्या गावचं एक जोडपं एकदा माडीवर आलं. मुलाची फाइल हातभर जाड. त्यांचा पहिला प्रश्न, "इथे शाळा लेखी नोटीस कधी देते?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. अमेरिकेतही १९७० च्या आसपास दहा लाख मुलं अपंगत्वामुळे शाळेबाहेर होती. पेनसिल्व्हेनियात मतिमंद मुलांच्या पालकांच्या संघटनेने १९७१ मध्ये राज्यावर दावा लावला. त्यात तडजोड झाली आणि मुलांच्या हक्काइतकंच एक रूक्ष कलम महत्त्वाचं ठरलं: मुलाला हलवायचं किंवा नाकारायचं तर आधी पालकांना कळवा, आणि त्यांचं म्हणणं ऐका. १९७५ च्या केंद्रीय कायद्यात हे आलं. आज तिथे पालकांनी मागितलेली सेवा शाळेने नाकारली तर का नाकारली, कशाच्या आधारे, हे लेखी द्यावं लागतं. तेही होता होईल तो पालकांच्या मातृभाषेत. म्हणजे कायद्याने बघितलं तर न्यू जर्सीतल्या मराठी आईला नकाराचं कारण मराठीत मिळू शकतं, आणि इथे महाराष्ट्रात ते कुठल्याच भाषेत मिळत नाही. अर्थात तिथेही वकिलाचा खर्च कंबरडं मोडतो आणि फुकट वकिलासाठी लोक ताटकळतात, हे त्यांनीच सांगितलं. पण भांडायला हातात कागद तरी असतो.

मग सरकारी मोफत वकील असताना आम्ही कशाला, असं कुणी विचारेल. विचारावंच. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते, १५१०० या नंबरवर फोनही लागतो. ही माहिती आम्ही प्रत्येकाला देतो. पण ती मदत प्रकरण उभं राहिलं की खरी कामाला येते. आमच्याकडे येणाऱ्यांचं प्रकरण उभंच राहत नाही, मुख्याध्यापकांच्या केबिनमध्येच विरून जातं. ते उभं राहण्याआधीचं काम कुणाच्या बिलात बसत नाही. बार कौन्सिलच्या नियमांत गरजूला फुकट मदत करणं हे वकिलाचं मोठं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. आमच्या बारमध्ये ते पाळलं जातं मुख्यतः ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनी, शाल-श्रीफळासकट.

अर्जाने भागलं नाही तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत. त्यांना साक्षीदार बोलावणं, कागद हजर करायला लावणं यासाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यातलं मला सगळ्यात आवडणारं कलम ८१. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधितांनी तीन महिन्यांत कारवाई करून कळवायचं, आणि शिफारस मानायची नसेल तर तेही कारणासह त्याच मुदतीत कळवायचं. कायदा करणाऱ्यांनाही रोग नेमका कळला होता, असं ते वाचताना वाटतं.

सध्या मात्र या सगळ्यात न बसणारं एक प्रकरण हातात आहे. दिवाळीनंतर बीडकडून टोळ्या ऊसतोडीला आल्या, त्यातल्या एका कोयत्याची, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीची, नऊ वर्षांची मुलगी. ऐकू येत नाही. गावाकडच्या शिबिरात मिळालेलं श्रवणयंत्र आईने कापडात गुंडाळून ठेवलंय, बॅटरी संपलेली. पट तिकडच्या शाळेत, राहणं इकडच्या फडावर. कायदा म्हणतो शेजारची शाळा. हिची शेजारची शाळा साखर कारखान्याच्या गाळपाप्रमाणे बदलते. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते दाखवून इथल्या शाळेने तिला बसू दिलं, आणि ती बसते. ऐकू मात्र काहीच येत नाही. बॅटरी आणि विशेष शिक्षकासाठी आईचा अंगठा घेऊन गटशिक्षण कार्यालयात अर्ज दिला. उत्तर मिळालं, पट इथला नाही. अर्थातच तोंडी. मग दुसरा अर्ज दिला, पट इथला नसल्याने सेवा देता येत नाही हे लेखी द्या म्हणून. आवक क्रमांक पडला आहे. शिवाय बीडच्या शाळेलाही एक प्रत स्पीड पोस्टाने गेली.

मुकादम म्हणतो, या भागातला ऊस संक्रांतीपर्यंत संपेल, मग टोळी कर्नाटकाच्या हद्दीत जाईल. तिथल्या शाळेत कन्नड, आणि तिथला अर्ज आमच्यातल्या कुणाला लिहिता येत नाही. बेळगावच्या एका वकीलमित्राला फोन लावून ठेवला आहे. बॅटरीची जोडी औषधाच्या दुकानात मिळते, ती ज्येष्ठांनी त्याच दिवशी आणून दिली. पण अर्ज मागे घ्यायचा नाही असं ठरलंय. चौथ्या शनिवारची वाट न बघता येत्या मंगळवारी मधल्या सुट्टीत मी कार्यालयात जाऊन बसणार आहे.